आवाज नंतर घालतात

भोरच्या राजवाड्यात चित्रीकरणाचा तळ पडला आणि गोष्ट पन्नास-साठच्या दशकातली असली, की चौकात एक जुनी गाडी लागतेच. कधी नायकाचा बाप विलायतेहून शिकून आलेला असतो, कधी खलनायकाच्या पोराला दोन सिटांची लाल गाडी हवी असते. पडद्यावर ती झोकात वळून दारापुढे थांबते. प्रत्यक्षात चौकटीच्या बाहेर चार पोरं वाकून तिला ढकलत असतात. आतला नट फक्त ब्रेक दाबतो, आणि तोही लागला नाही तर अडवायला पुढे दोघं उभे असतात. इंजिनाचा आवाज नंतर घालतात.

चित्रीकरणाला जुन्या गाड्या भाड्यानं पुरवायच्या धंद्यात मी बरीच वर्षं काढली. मालकाकडून गाडी आणायची, कलादिग्दर्शक म्हणेल तो रंग मारायचा, दिवसभर तिच्या भोवती पहारा द्यायचा आणि रात्री ट्रकवर चढवून परत पाठवायची. ट्रकवर, हे ध्यानात घ्या. त्या ओळखीमुळे जुनी गाडी घ्यायला निघालेली मंडळी मला सोबत नेतात. त्यांना वाटतं, याला गाड्या कळतात. मला कळतं ते एवढंच, की न चालणारी गाडी चालती कशी दाखवायची. विकणाऱ्याचा खटाटोपही त्याचसाठी असतो, म्हणून माझा उपयोग होतो.

आधी शूटिंगच्या गाड्यांचंच सांगतो. 'या गाडीत अमुक हिरो बसलाय' असं म्हटलं की गिऱ्हाइकाचे डोळे चमकतात आणि भाव वर जातो. माझ्या मते तो खाली यायला हवा. प्रत्येक निर्मात्यानं तिला आपापला रंग फासलेला असतो, तोही दोन रात्रींत. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून तिथली कड नखानं खरवडून बघा. वर लाल, खाली काळा, त्याखाली दुधी आणि तळाला पुन्हा लाल, असे थर मी पाहिलेत. सीटचं कातडं कॅमेऱ्याकडच्या बाजूला, पलीकडे नुसतं गोणपाट. एका गाडीच्या डॅशबोर्डवरची घड्याळं फार सुरेख दिसत होती. काच काढल्यावर कळलं की आत काटे नाहीतच, छापील फोटो चिकटवलाय. त्या फोटोत गाडी कायमची ताशी चाळीस मैलांवर होती.

आता 'स्पोर्ट्स कार' म्हणजे आपल्याकडे काय मिळतं तेही सांगायला हवं. फेरारी विसरा. बाजारात फिरतात त्या एमजीच्या टीसी-टीडी, म्हणजे १९४५ ते १९५३ या काळातल्या, लांब नाकाच्या; त्यातली टीसी तारांच्या चाकांची. एखादी ट्रायम्फ स्पिटफायर. १९९८ च्या सुमारास निघालेली आपली देशी सॅन स्टॉर्म, फायबरच्या अंगाची, रेनोच्या ११४९ सीसी इंजिनाची. आणि सगळ्यांत जास्त म्हणजे छप्पर काढलेल्या स्टँडर्ड हेराल्ड. हेराल्ड मूळची ट्रायम्फची, जिओव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन माणसानं आखलेली. १९६१ पासून ती मद्रासला बनू लागली. तिचीच चॅसिस आखूड करून इंग्लंडात १९६२ साली स्पिटफायर काढली. त्यामुळे हेराल्ड ही स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण, हा विकणाऱ्याचा दावा खोटा नाही. तो खोटा होतो 'ओरिजिनल कन्व्हर्टिबल' म्हणताना. दोन दारांच्या हेराल्डचं छप्पर बोल्टांनीच बसवलेलं असतं. संध्याकाळी पाना घेऊन बसलात तर रात्रीच्या जेवणाआधी ते खाली उतरतं. पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीवर बोट फिरवा. बुजवलेली भोकं लागली, तर ओरिजिनल या शब्दाचे पैसे वजा करा.

या गाड्या भोर-वेल्ह्यात कशाला येतील, असं कुणी विचारेल. दोन वाटांनी येतात. भोर हे १९४८ पर्यंत संस्थान होतं. त्या काळातल्या नि नंतरच्या सुखवस्तू घरांनी घेतलेल्या गाड्या वाड्यांच्या पडव्यांत अजून ताडपत्रीखाली उभ्या असतात. दुसरी वाट फार्महाऊसची. वेल्हे तालुका (कागदोपत्री आता राजगड तालुका) आणि पानशेतचा काठ इथं पुण्या-मुंबईच्या लोकांनी जमिनी घेतल्या. शहरातल्या सोसायटीत दुसऱ्या गाडीलाच जागा नसते, तिथं ही तिसरी कुठं ठेवणार? मग ती तोरण्याच्या पायथ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये येते. इथला पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. चार महिने भाताची खाचरं तुडुंब, भिंतींना ओल, कपाटातल्या कपड्यांना बुरशी. या हवेत उघड्या शेडमधला पत्रा काय करणार?

म्हणून मी इंजिन सगळ्यात शेवटी बघतो. गिऱ्हाइक मात्र आल्या आल्या बॉनेट उघडायला धावतं. हेराल्डचं बॉनेट मडगार्डासकट पुढे उलटतं, अख्खं इंजिन समोर येतं आणि माणूस तिथंच विरघळतो. विकणाऱ्यालाही हेच हवं असतं. आदल्या दिवशी डिझेल मारून त्यानं इंजिन धुऊन लखलखीत केलेलं असतं. धुतलेलं इंजिन म्हणजे पुसलेला पुरावा. तेल कुठून गळत होतं ते आता कळणार नाही.

पण जमीन धुतलेली नसते. गाडी अंगणात आणून दाखवतात, तेव्हा मी पाणी मागायच्या निमित्तानं शेडमध्ये जातो. रोज जिथं ती उभी असते तिथली फरशी सगळं सांगते. पुढे काळा डाग म्हणजे इंजिन, मध्ये असेल तर गिअरबॉक्स, मागे दाट, उग्र वासाचा असेल तर डिफरन्शियलचं सील, आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ असेल तर ब्रेकचं तेल. पानशेतच्या अंगाच्या एका शेडमध्ये शहाबादीवर एवढा मोठा नकाशा होता, की मालकानं 'एक थेंब गळत नाही' म्हटल्यावर मला हसू आवरेना.

त्याच खेपेला राखणदारानं खरी गंमत केली. मालक म्हणाले, "दोन महिने हात लावला नाहीये, तुमच्यासमोरच चालू करतो." मी रेडिएटरवर हात ठेवला तर कोमट. सकाळचे नऊ वाजलेले, शेडला ऊन अजून लागलंही नव्हतं. मालक फोन घ्यायला बाजूला गेले तेव्हा राखणदार सहज बोलून गेला, "आवं, पाव्हणं यायचं असलं की आदी आमी चालू करून ठिवतो. न्हाईतर धरतच न्हाई ती. पाटंपास्नं गॅरेजवाला हितंच हुता." गाडी बघायला जाताना मालकाशी बोलायच्या आधी राखणदाराबरोबर चहा घ्यावा, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. आणि थंड इंजिनावर गाडी चालू करून दाखवायला जो तयार नाही, त्याच्याशी भावाचं बोलूच नये.

पत्रा कसा बघायचा? फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून खिशात ठेवा. दाराच्या खालची कड, मडगार्डाचा कोपरा, डिक्कीचा तळ, उंबरठ्याची पट्टी इथं हळूच लावा. चिकटलं तर पत्रा, घसरलं तर पुट्टी. नुसत्या पुट्टीनं भरलेलं मडगार्ड दिसतं इतकं गुळगुळीत, की नवा पत्राही लाजावा. सॅन स्टॉर्मला मात्र चुंबकाचा उपयोग शून्य, तिचं अंग फायबरचं. तिथं केसासारख्या बारीक चिरा शोधायच्या, बिजागरीपाशी नि दिव्यांच्या कडेला, आणि खाली निजून लोखंडी सांगाडा बघायचा. मग पायाखालची मॅट उचलायची. खाली ओलसर वास आला की समजायचं. हेराल्डच्या चॅसिसला दोन्ही बाजूंनी बॉडी पेलणारे जे हात बाहेर येतात, ते सर्वांत आधी सडतात. स्पिटफायरमध्ये दारांखालच्या पट्ट्याच गाडीचा बराच भार घेतात. त्या गेल्या की गाडी मधोमध खचते आणि दार लागता लागेना होतं. दार उघडा, लावा, मग एका कोपऱ्याला जॅक देऊन परत उघडा, लावा. फट बदलली तर तुम्ही गाडी नाही, वेल्डिंगचं बिल घेताय.

एमजीच्या टी मालिकेचं दुखणं निराळंच. तिच्या पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा असतो. इंग्लंडात ते लाकूड ओलीनं कुजतं. आपल्याकडे ओल आहेच, वर वाळवी. भोरजवळच्या एका जुन्या घरात अशी एक गाडी बघायला गेलो होतो. रंग झकास, क्रोम झकास. दार धरून जरा वर उचललं तर बिजागरीच्या खांबासकट बोटभर वर आलं आणि खालून पिठासारखा भुसा पडला. घरातल्या आजी म्हणाल्या, "अरे, माळ्याच्या तुळईला लागली होती तेव्हा औषध मारलं. हिचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही." पत्र्याच्या गाडीला वाळवी लागेल हे येणार तरी कुणाच्या ध्यानात? तारांच्या चाकांवर बोटानं टिचकी मारत जा. घट्ट तार खणखणते, सैल तार बदबदते. आणि गाडी पुढे-मागे घेताना मागून 'टक्' असा आवाज आला तर चाकाच्या आतले दाते झिजलेत.

आता एक गोष्ट, जी चांगल्या चांगल्या मिस्त्रींना माहीत नसते. हेराल्ड-स्पिटफायरच्या पुढच्या चाकांचा खालचा सांधा पितळी असतो आणि त्यात पोलादी दांडा आट्यांवर फिरतो. इंग्रजी नाव ट्रनियन. त्याला ग्रीस चालत नाही, गिअरचं घट्ट तेल लागतं. आपल्याकडे ग्रीसगन दिसली की मिस्त्री गाडीला भोक दिसेल तिथं ग्रीस भरतो. ते ग्रीस सुकून बसतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, आत पाणी साचतं, दांडा गंजतो आणि एक दिवस वळणावर आट्यांपाशीच तुटतो. तुटला की चाक आडवं होऊन मडगार्डाखाली जातं. सपाट रस्त्यावर हळू असाल तर निभावलं. वरंधा घाटात असाल तर खाली महाड. म्हणून चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवायचं, आणि मालकाला साध्या आवाजात विचारायचं, "इथं काय भरता?" तो अभिमानानं "दर महिन्याला ग्रीस" म्हणाला, की किंमत पाडायला जागा मिळते.

एवढं सगळं पार पडलं, तरच रस्ता. भोर-वेल्ह्याची मिजास ही की चाचणीला लागणारं सगळं इथं हाताशी आहे. आम्ही नसरापूरकडून विंझरपर्यंत गाडी आरामात आणतो, तोवर इंजिन तापतं. मग पाबे घाट, चढून पलीकडे खानापूरच्या अंगाला उतरायचं. चढ खडा, वळणं आवळ. दुसऱ्या गिअरमध्ये चढताना एकानं मागच्या गाडीतून धूर बघायचा. चढावर जोर लावताना सतत निळा धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. चढताना साफ, पण उतारावर पाय सोडून पुन्हा दाबला की मागे निळा लोट, म्हणजे व्हॉल्व्हची गाइडं. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. हे सगळं दुरुस्त होतं, घाबरायचं नाही, फक्त भावात धरायचं. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय सोडला आणि दांडी आपोआप बाहेर आली, तर गिअरबॉक्स उघडावा लागणार. ब्रेक ड्रमचे असतील तर अर्ध्या उतारात पेडल कुठवर जातं ते बघा, आणि तळाला आल्यावर चारही चाकांपाशी हाताची उलटी बाजू न्या. एकच थंड असेल तर तिथला ब्रेक लागतच नाहीये.

हेराल्डच्या मागच्या चाकांची रचना अशी, की भरधाव वळणात अचानक पाय काढला तर चाक आतल्या बाजूला दुमडून गाडीची मागची बाजू उचलते. घाटात शहाणपणा दाखवणाऱ्यांसाठी हे सांगून ठेवतो. बाकी उन्हाळ्यात ती चढावर गुदमरून बंद पडली तर विकणाऱ्याला दोष देऊ नका. गरम हवेत पेट्रोलची वाफ होते आणि पंप ओढत नाही. आमच्या जुन्या फियाटवाल्यांचा उपाय आजही चालतो. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि शांतपणे थांबायचं.

थांबलोच आहोत तर इंजिनाची एक तपासणी. बॉनेट उघडं ठेवून सोबत्याला क्लच दाबायला सांगायचं आणि आपण पुढच्या पुलीकडे बघत राहायचं. पुली पुढे सरकलेली डोळ्यांना दिसली, तर क्रँकशाफ्टच्या आडव्या वॉशर झिजल्यात. त्या गळून पडल्या तर इंजिनाचा ब्लॉकच जातो. ट्रायम्फच्या इंजिनांचं हे जुनं दुखणं आहे, आणि तपासायला एक पैसा लागत नाही.

इंजिन कुणाचं आहे हेही विचारायला हवं. अँबेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीए या स्पोर्ट्स कारचं सुरुवातीचं इंजिन एकाच ब्रिटिश घराण्यातलं. त्यामुळे आपल्याकडच्या कैक एमजींच्या पोटात आज अँबेसिडर बसलेली आहे. चालायला उत्तम, सुटे भाग पुण्यात नाना पेठेत मिळतात. पण कागदावर इंजिन नंबर जुना आणि गाडीत भलताच, असं असेल तर आरटीओ तुम्हाला विचारेल, विकणाऱ्याला नाही.

कागदावर आलोच. भोरच्या एका वाड्यातली गाडी सगळ्यांना पसंत पडली, भाव ठरला, पेढेसुद्धा वाटले. आरसी उघडली तर मालक आजोबा, जाऊन कित्येक वर्षं झालेली. वारस कोण? सातबाऱ्यावर जेवढी नावं तेवढीच इथं. एक काका नाशिकला, एक आत्या सांगलीला, एक चुलत भाऊ अमेरिकेत आणि दोघांचं आपसांत बोलणं बंद. मृत मालकाची गाडी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करावी लागते, बाकीच्यांच्या संमतीनं. त्यानंतर विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. गाडी अजून त्या पडवीतच आहे.

चॅसिस नंबर स्वतः बघा. कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासा, आरटीओत घेतात तसा छाप घ्या. सगळे आकडे एका खोलीचे नि एका रेषेत हवेत. एखादा आकडा जास्त खोल, आजूबाजूला घासल्याच्या खुणा, असं दिसलं तर गाडी कितीही देखणी असो, नमस्कार करून निघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं. ते आणि पर्यावरण कर कुठवर भरलाय, ते बघा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५.

व्हिंटेज नोंदणीबद्दल मात्र लोकांचे भलतेच समज आहेत. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, मोठे फेरफार न केलेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर ५,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यासाठीच. 'व्हीए नंबर घ्या आणि शूटिंगला लावून पैसे वसूल करा' असं सांगणारे दलाल मला भेटतात. आमच्या धंद्यातलेच असतात, म्हणून सांगतो, ऐकू नका.

किमतीचं विचाराल तर माझा ठोकताळा एकच. जेवढ्याला गाडी घ्याल तेवढेच पैसे बाजूला ठेवा. इंजिनाला नाही लागायचे. पुढची काच, दारांची रबरं, क्रोमच्या पट्ट्या, मागच्या दिव्याची लाल भिंगं, यांना लागतील. पिस्टन नवा बनवून मिळतो, काच मिळत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवार-बुधवार घालवावे लागतात. म्हणून रंग उडालेली पण सगळी भिंगं, पट्ट्या, काचा जागेवर असलेली गाडी घ्यावी. चकचकीत पण निम्मी अपुरी गाडी सोडावी.

शेवटी भोर-वेल्ह्यातल्या घरांना एक विनंती. तुमच्या पडवीत अशी गाडी उभी असेल तर ती विकायची की ठेवायची ते सावकाश ठरवा. पण आजोबा-आजी हिंडते-फिरते आहेत तोवर आरसी शोधून काढा आणि नाव बदलून घ्या. ताडपत्री पत्र्याला चिकटवून बांधू नका, आत हवा खेळू द्या. चाकांवरचा भार काढून गाडी ठोकळ्यांवर ठेवा. टाकीतलं जुनं पेट्रोल उपसून टाका. आणि पावसाळ्याआधी उंदरांचा बंदोबस्त करा. वायरिंग खाल्लेली गाडी दुरुस्त करायला आता माहितगार माणूस सहजी मिळत नाही.